रिमोटचं हेलिकॉप्टर शिकायचंय : सुरुवातीला केवढं घ्यावं?

सुतारपक्षी
नमस्कार मंडळी.
मी नाशिकरोडचा. आमच्या घरावरून आर्मी एव्हिएशनच्या शाळेची चीता आणि चेतक रोज जातात. आवाज आला की माझी मुलगी हातातला घास टाकून गच्चीवर धावते. ती आठवीत आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही दोघांनी मिळून रिमोटचं हेलिकॉप्टर उडवायला शिकायचं असं ठरलंय. खेळणं म्हणून नाही, नीट शिकायचंय.

इथेच अडलोय. एक दुकानदार म्हणाला, "मोठं घ्या, मोठं स्थिर उडतं. ४५० घ्या." मेहुणा म्हणतो, आधी हजार-दीड हजाराचं लहान घेऊन फोडा, मग बघा. नेटवर वाचलं तर तिसरंच. तीन चॅनल, चार चॅनल, फिक्स्ड पिच, कलेक्टिव्ह पिच... दोघंही चक्रावलोय. बजेट सगळं मिळून पंचवीस हजार. अंबड एमआयडीसीत माझं छोटं सीएनसीचं वर्कशॉप आहे, त्यामुळे दुरुस्तीची भीती नाही. पहिलं हेलिकॉप्टर केवढं असावं, ते अनुभवी लोकांनी सांगावं.

वाळवण
वाचतेय. आमच्याकडेही एक अर्ज पडून आहे, वय वर्षं अकरा.

घारू
मेहुण्याशी सहमत. सायमा एस-१०७ घ्या. दोन पंखे एकावर एक, उलट दिशांनी फिरणारे, त्यामुळे आपोआप स्थिर राहतं. माझ्या मुलाने पहिल्या दिवशीच हॉलभर फिरवलं. भिंतीवर आपटलं, पलंगाखाली गेलं, काही झालं नाही.

पक्कड_पाना
घारू, ते उडतं छानच, पण सुतारपक्षींना *शिकायचंय*. एस-१०७ ला तीन चॅनल असतात : वर-खाली, पुढे-मागे आणि नाक डावीकडे-उजवीकडे. ते बाजूला सरकूच शकत नाही. पुढे जातं तेही शेपटीवरच्या आडव्या छोट्या पंख्याने शेपूट उचलून. खऱ्या हेलिकॉप्टरमध्ये मुख्य पंख्याची अख्खी चकतीच कलते आणि हेलिकॉप्टर त्या बाजूला ओढलं जातं. ती कलती चकती सतत सावरत राहणं, हीच तर विद्या आहे. तीन चॅनलवर महिनाभर उडवलं तरी त्यातलं काहीच हाताला लागत नाही. शिवाय त्याचा रिमोट इन्फ्रारेड, उन्हात नेलं की ऐकत नाही.

मी पुण्यात चौदा वर्षं हा छंद करतोय. सविस्तर रात्री लिहितो. तोवर सुतारपक्षी, एकच सांगा : उडवणार कुठे? जागा केवढी आणि आजूबाजूला काय आहे? बजेटचं नंतर बघू.

इसारकाठी
म्युनिकहून. दुकानदार अगदीच चुकीचं बोललेला नाही. मोठं हेलिकॉप्टर खरंच स्थिर असतं. वजन जास्त, पंख्याची जडता जास्त, त्यामुळे ते सावकाश कलतं आणि आपल्याला विचार करायला वेळ मिळतो. लहान हेलिकॉप्टर माशीसारखं, आपण बोट हलवायच्या आत तीन फूट सरकलेलं असतं. दुसरं म्हणजे दिसणं. वीतभर हेलिकॉप्टर पंधरा मीटरवर गेलं की नाक कुठे, शेपूट कुठे कळेनासं होतं, आणि नाक कुठे ते कळलं नाही की संपलंच.

मी थेट ५०० वर्गावर शिकलो. दोन महिने सिम्युलेटर, म्हणजे संगणकाच्या पडद्यावर उडवायचा सराव, मग क्लबात गुरूच्या रिमोटला माझा रिमोट जोडून. माझं हेलिकॉप्टर वेडंवाकडं जायला लागलं की ते एक खटका सोडायचे आणि ताबा त्यांच्याकडे. वर्षभरात एकदाच पडलं. त्यामुळे "लहान ते सोपं" हे मला पटत नाही.

पक्कड_पाना
इसारकाठी, तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर, पण त्यात तीन गोष्टी गृहीत आहेत : क्लब, गुरू आणि मोकळं मैदान. आपल्याकडे बहुतेकांना यातलं एकही मिळत नाही. एकट्याने शिकणारा माणूस पहिल्या महिन्यात वीस वेळा पाडतो. तेव्हा प्रश्न "कोणतं स्थिर उडतं" एवढाच उरत नाही, "कोणतं पडलेलं परवडतं" हाही येतो.

सुतारपक्षी, सगळ्यात आधी आकड्यांचा गोंधळ मिटवू. ४५०, ५००, ६००, ७०० हे वर्ग आहेत आणि ते एका हिशेबात बसत नाहीत. ६०० ची पाती साधारण ६०० मिलिमीटरची, ७०० ची ७०० च्या आसपास. पण ५०० ची पाती ४२५ ची आणि ४५० ची ३२५ ची! म्हणजे ४५० च्या पंख्याचा व्यास सव्वादोन-अडीच फूट, आणि ७०० चा पाच फुटांच्या वर. वजन पाऊण-एक किलोपासून पाच किलोपर्यंत. खालच्या टोकाला ओएमपी कंपनीचं एम-१ आहे, व्यास २९० मिमी, वजन सव्वाशे ग्रॅमच्या आसपास. त्याचाच मोठा भाऊ एम-२, ४०० मिमी, तीनशे ग्रॅमच्या आसपास.

आता ४५० चं गणित. पंखा मिनिटाला अडीच हजार फेरे मारतो. व्यासावरून काढा, पात्याचं टोक ताशी तीनशे किलोमीटरच्या वर जातं. पाती कार्बन फायबरची. ते जमिनीला लागलं की पाती जातात, फेदरिंग शाफ्ट (दोन्ही पाती जिच्यावर बसतात ती सळई) वाकतो, बहुतेक वेळा मुख्य शाफ्टही वाकतो, मोठ्या गिअरचे दात जातात, शेपटीचा दांडा पात्यानेच कापला जातो आणि एखाद्या सर्वोचे (रिमोटच्या हुकुमाने पंखा कलवणाऱ्या छोट्या मोटरचे) गिअर उडतात. माझ्या पहिल्या ४५० ने पहिल्या तीन महिन्यांत स्वतःच्या किमतीएवढे सुटे भाग खाल्ले. त्यातले दोन महिने तर ते टेबलावरच पडून होतं, भागांची वाट बघत. हात बसायला रोज उडवावं लागतं. टेबलावर पडलेल्या हेलिकॉप्टरवर हात बसत नाही.

मृणाल_जर्सी
पैशांच्या आधी एक गोष्ट सांगते, कारण मुलगी सोबत असणार आहे. २०१३ मध्ये इथे ब्रुकलिनच्या एका बागेत १९ वर्षांच्या मुलाचा स्वतःच्याच रिमोट हेलिकॉप्टरचं पातं लागून मृत्यू झाला. तो नवशिका नव्हता, चांगला उडवणारा होता. हेलिकॉप्टर मोठं होतं. घाबरवण्यासाठी सांगत नाहीये, माझा नवरा आजही आनंदाने उडवतो. पण ४५० आणि त्यापुढचं यंत्र नवशिक्याच्या हातात, शेजारी तेरा वर्षांची मुलगी, ही कल्पनाच मला नको वाटते.

अण्णा_कोल्हापूर
मृणालताईंना दुजोरा. माझ्या डाव्या तर्जनीला चार टाके आहेत. ४५० च्या शेपटीच्या पंख्याचे. मुख्य पंख्याचे नाहीत, शेपटीच्या चिमुकल्या पंख्याचे. बॅटरी जोडलेली, थ्रॉटल होल्ड (पंखा बंदच ठेवणारा रिमोटवरचा खटका) लावायचं राहिलं आणि रिमोटच्या दांडीला शर्टाची बाही लागली.

सुतारपक्षी
एवढे प्रतिसाद! सगळ्यांचे आभार. मृणालताई, अण्णा, तुमचं वाचून मुलीच्या आईने ४५० वर काट मारली. विषय संपला.

पक्कडभाऊ, जागेचं : घराशेजारी मनपाचं मैदान आहे, पहाटे रिकामं असतं. शिवाय मामेभावाचं मंगल कार्यालय आहे, मुहूर्त नसेल त्या दिवशी हॉल मिळेल. साठ बाय चाळीस फूट, उंची अठरा. मधे खांब नाहीत. छताला पंखे आहेत.

खारदांडा
मैदानाचा विचार आत्ताच सोडा! गांधीनगरचा लष्करी विमानतळ तुमच्या उशाशी आहे. जी चीता बघायला मुलगी गच्चीवर धावते, ती तिथेच तर चढतात-उतरतात. ऑगस्ट २०२१ च्या ड्रोन नियमांत रिमोटवर उडणारं सगळंच येतं, हेलिकॉप्टरसुद्धा. २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, २ किलोपर्यंत मायक्रो. नॅनोला आणि हौसेखातर उडवलेल्या मायक्रोला पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही, हे खरं. पण रेड झोनमध्ये, म्हणजे मनाई असलेल्या हवाई हद्दीत, वजन कितीही कमी असलं तरी केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय उडवता येत नाही. सरकारच्या डिजिटल स्काय संकेतस्थळाच्या नकाशावर आपली जागा टाकून बघा. ग्रीन झोनमध्ये ४०० फुटांपर्यंत मोकळीक असते, विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंत.

आम्हा मुंबईकरांचं आणखी कठीण. पोलिसांचे मनाई आदेश निघत राहतात, त्यात ड्रोन आणि पॅराग्लायडरबरोबर रिमोटची विमानंही असतात. मी उडवायला कर्जतच्या पुढे जातो.

पक्कड_पाना
खारदांडा, फार मोलाचं लिहिलंत. पुण्यातही लोहगाव आणि खडकवासल्याची एनडीए, दोन्हीकडे तेच.

सुतारपक्षी, म्हणजे तुमचं उत्तर तुमच्या मामेभावाकडेच आहे. हॉल! वारा नाही, ऊन नाही, कायद्याची कटकट नाही. साठ बाय चाळीसमध्ये पंचवीस-तीस सेंटिमीटर व्यासाचं हेलिकॉप्टर आरामात शिकता येतं. त्याहून मोठं तिथे नको. तेव्हा प्रश्न एवढाच उरतो, त्या मापात फिक्स्ड पिच की कलेक्टिव्ह पिच.

पिच म्हणजे पात्यांचा कोन. फिक्स्डमध्ये तो कायम. वर जायचं तर पंखा जोरात फिरतो, खाली यायचं तर हळू. कलेक्टिव्हमध्ये पंख्याचा वेग जवळजवळ तोच राहतो आणि पात्यांचा कोन बदलतो. उलटासुद्धा होतो, म्हणून ती हेलिकॉप्टरं पाठीवर उडतात. फिक्स्डचा प्रतिसाद किंचित उशिरा येतो, पण आपटताना दांडी खाली ओढली की पंखा मंदावतो आणि प्लॅस्टिकची पाती वाकून सुटतात. कलेक्टिव्हमध्ये घाबरून दांडी तळाला नेली आणि पिच उणे ठेवलेली असली, तर हेलिकॉप्टर स्वतःच जमिनीत घुसतं. माझं मत : चार चॅनलचं (म्हणजे बाजूलाही सरकणारं), एका मुख्य पंख्याचं फिक्स्ड पिच आणि सोबत सिम्युलेटर. कलेक्टिव्ह नंतर.

इसारकाठी
इथे मात्र मी अडून बसणार, पक्कडभाऊ. आजकालच्या त्या चार चॅनलच्या लहान हेलिकॉप्टरांत उंची धरून ठेवायला बॅरोमीटर असतो, सोडलं की आपोआप सपाट करणारा जायरो (कलणं ओळखून सावरणारं उपकरण) असतो. दांडी सोडली तरी ते तिथल्या तिथे लटकतं. मग उंची सांभाळणारा शिकणाऱ्याचा डावा अंगठा शिकणार काय? आमच्या क्लबात असे दोघं आले होते. कलेक्टिव्ह हातात दिल्यावर पहिल्या पाच सेकंदांत दोघांचंही जमिनीवर. सवय लागलेली, सोडलं की थांबतं. ती सवय मोडायलाच महिना गेला. त्यापेक्षा सिम्युलेटरवर दोन महिने घासा आणि थेट एम-१ घ्या. पिच सौम्य ठेवा, पंख्याचा वेग कमी ठेवा.

घारू
पण तेरा वर्षांची मुलगी दोन महिने स्क्रीनवरच उडवत बसली तर तिचा उत्साह राहील का? आमच्या चिरंजीवांचा दोन दिवसही राहिला नसता.

इसारकाठी
घारू, हा मुद्दा मान्य. मुलांचं गणित मी धरलं नव्हतं.

वाळवण
विषयांतर होतंय, पण हे वाचताना जत्रेतलं ते काडीवरचं चक्र आठवलं. दोन तळहातांत काडी घुसळायची आणि सोडून द्यायची, भिर्रर वर जायचं. माझे आजोबा बांबूची पट्टी तासून करून द्यायचे. दोन्ही बाजूंचा उतार सारखा नसला की ते चक्र तिरकं जाऊन दुसऱ्याच्या परसात पडायचं. आजोबा म्हणायचे, "तासणी चुकली." हाच का तो पात्यांचा कोन?

पक्कड_पाना
वाळवण, अगदी तोच! आणि हे विषयांतर मुळीच नाही. दोन पात्यांचा कोन सारखा नसेल तर बाजूने बघताना पंख्याची एकच रेघ दिसायच्या ऐवजी दोन दिसतात आणि हेलिकॉप्टर थरथरतं. आम्ही एका पात्याच्या टोकाला लाल टेप लावतो, लाल वर दिसतं की खाली ते बघतो आणि त्या पात्याची लिंक, म्हणजे कोन ठरवणारी छोटी काडी, अर्धा फेरा फिरवतो. तुमच्या आजोबांची तासणी आणि आमची लिंक, काम एकच.

माणसाला बसून उडवता येणारी हेलिकॉप्टरं आधी आली, रिमोटची कितीतरी वर्षांनी. जर्मनीच्या डीटर श्ल्यूटर यांनी १९७० च्या सुमारास ती ताब्यात राहतील अशी करून दाखवली. तेव्हा शेपूट सावरायला जायरोसुद्धा नव्हता. त्या लोकांचे हात काय असतील!

अण्णा_कोल्हापूर
बॅटरीचं कोणीच बोललं नाही म्हणून. लायपो (लिथियम पॉलिमर बॅटरी) पूर्ण भरली की एका सेलला ४.२ व्होल्ट. उडवून झाल्यावर ३.५ च्या खाली जाऊ देऊ नका. दोन दिवस उडवणार नसाल तर ३.८ वर आणून ठेवा. फुगलेली बॅटरी वापरू नका, मग ती कितीही नवी असो. चार्जिंगला लावून घराबाहेर जायचं नाही. आणि आधी रिमोट चालू, मग हेलिकॉप्टर. बंद करताना उलट.

बजेटमधले निदान चार हजार चांगल्या चार्जरला आणि चार-पाच बॅटऱ्यांना काढून ठेवा. एका बॅटरीवर पाच-सहा मिनिटं मिळतात. एकच बॅटरी असली की बाप-लेकीत भांडण ठरलेलं.

खारदांडा
परदेशातून मागवायच्या आधी विचार करा. फेब्रुवारी २०२२ पासून तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे, सुटे भाग चालतात. माझं हेलिकॉप्टरचं पार्सल दीड महिना अडकून परत गेलं. पैसे मिळाले, पण सीझन गेला. इथे ज्याचे सुटे भाग मिळतात तेच घ्या, मग आकार एक इंच इकडे-तिकडे झाला तरी चालेल.

सुतारपक्षी
सगळं दोनदा वाचलं, मुलीने तर वहीत उतरवून घेतलं. ठरवलंय ते असं. एक चांगला रिमोट, जो संगणकालाही जोडता येतो. त्यावर सिम्युलेटर, रोज अर्धा तास प्रत्येकी. आणि हॉलसाठी चार चॅनलचं फिक्स्ड पिच, पंचवीस सेंटिमीटरचं, उंची धरण्याची सोय *बंद करता येते* असं. इसारकाठी, हे तुमच्यामुळे. आता उडवूनच लिहितो.

घारू
शुभेच्छा! फोटो टाका.

सुतारपक्षी
सहा आठवड्यांनी हजर.

पहिला रविवार. हॉलच्या मधोमध खडूने दीड मीटरचं वर्तुळ काढलं. छताचे पंखे बंद केले, पडदे बांधले. शेपूट आपल्याकडे ठेवून नुसतं तरंगत ठेवायचं, एवढंच. जमिनीपासून वीतभर उंचीवर ते घसरत राहायचं, साबणावर ठेवल्यासारखं. मुलीनेच शोधून काढलं की कमरेएवढ्या उंचीवर नेलं की शांत होतं. पंख्याचा वारा जमिनीवर आपटून परत येतो, त्यात ते डगमगत होतं. दोघांनाही कळलं आणि तिथून गाडी पुढे सरकली.

चौथ्या आठवड्यात ते थरथरायला लागलं. पडझड तर रोजचीच, दिसायला काही मोडलेलं नव्हतं. पक्कडभाऊ, तुम्हाला निरोप करून विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, शाफ्ट काढून काचेवर घरंगळवून बघा. माझ्याकडे काचेपेक्षा बरं आहे! वर्कशॉपमध्ये नेला, व्ही-ब्लॉकवर (व्ही आकाराच्या खाचेच्या ठोकळ्यावर) ठेवला, बारीक वाक मोजणारा डायल लावला. काटा ऐंशी मायक्रॉन हलला. डोळ्यांना सरळ दिसणारी सळई! मुलगी पहिल्यांदाच डायलसमोर बसली. तिने हाताने शाफ्ट फिरवत सगळ्यात उंच जागा शोधली आणि पेनने खूण केली. नवा शाफ्ट टाकला, थरथर गेली. वाकलेला तिने कंपासपेटीत ठेवलाय.

काल तिने नाक स्वतःकडे करून तरंगत ठेवलं. नाक आपल्याकडे असलं की डावं-उजवं उलटतं, माझं डोकं तिथे अजून अडतं. तिने तीस आकडे मोजेपर्यंत धरलं. मी मोजत होतो, तिसाव्याला माझाच आवाज फुटला.

पक्कड_पाना
सुतारपक्षी, चौदा वर्षांत वाचलेला सगळ्यात सुंदर प्रतिसाद. तीस सेकंद नाक समोर, सहा आठवड्यांत! मला चार महिने लागले होते. उंची धरण्याची सोय बंद आहे ना?

सुतारपक्षी
पहिले चार दिवस चालू होती, पाचव्यापासून बंद. तिनेच बंद केली.

इसारकाठी
मग मी माझं म्हणणं मागे घेतो. लहान फिक्स्ड पिचवरही नीट शिकता येतं, ती सोय वेळेवर बंद केली तर. तिला माझ्याकडून शाबासकी सांगा. पुढचं एम-१ असू द्या, एवढी विनंती.

सुतारपक्षी
दिवाळीत तेच. ते हॉलमध्ये चालेल ना?

पक्कड_पाना
चालेल, पण पहिला महिना हॉलच्या मधल्या अर्ध्या भागातच. आणि तुम्ही दोघं भिंतीला पाठ लावून, निदान पाच मीटर लांब.

शेतातली_मैना
सगळा धागा एका बैठकीत वाचला. आम्ही परभणीजवळच्या खेड्यात राहतो. नकाशा बघितला, ग्रीन झोन आहे. आमच्याकडे कापूस निघाल्यावर चार एकर मोकळं रान असतं. हॉल कुठेच नाही. मग मी केवढं घेऊ?

पक्कड_पाना
वा, तुमचं उत्तर वेगळं येणार! आधी सांगा, त्या रानात वारा किती वाजता सुटतो, आणि पलीकडे गुरं-माणसं किती असतात?